व्हीओआयपी गेटवेचं डायलिंग सेट करताय? या चुका टाळा, आणि पहिल्यांदा १०८ बघा

कांदोळीतल्या एका छोट्या गेस्ट हाऊसमध्ये मला बोलावलं होतं ते फोन उशिरा लागतो म्हणून. व्हीओआयपी गेटवेचं, म्हणजे साधे फोन आणि टेलिफोन लाइन इंटरनेट कॉलिंगला जोडणाऱ्या डब्याचं, सेटिंग उघडलं तर रूम नंबर १०१ ते ११२, आणि तेच नंबर एक्स्टेन्शन (आतल्या फोनचे नंबर) म्हणून टाकलेले. म्हणजे पाहुण्याने ॲम्ब्युलन्ससाठी १०८ फिरवला की शेजारच्या खोलीत घंटी! १०१ फायर ब्रिगेड, ११२ इमर्जन्सी, तेही असेच अडकलेले. मालक घाबरलेच, म्हणाले, "बाब, हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही." गोव्यात लॉज, होमस्टे इतके आहेत की ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. खोल्यांना ४१०१, ४१०२ असे नंबर द्या, आणि १००, १०१, १०८, ११२ चा नियम डायल प्लॅनमध्ये (कुठला नंबर कधी, कुठून पाठवायचा त्या नियमांच्या यादीत) सगळ्यात वर ठेवा, बाहेरच्या लाइनसाठी आधी ९ वगैरे दाबायला लावत असाल तरी हे नंबर त्याच्याशिवाय थेट जायला हवेत. तपासताना उगाच १०८ ला कॉल करू नका, कॉल कुठल्या पोर्टवरून जाणार तो नियम आणि लॉग (गेटवेतली कॉलची नोंद) बघा.

आता उशिराचं. बऱ्याच गेटवेत डायल प्लॅन अमेरिकेचा भरलेला येतो, आपला नंबर त्यात बसत नाही, मग गेटवे अजून आकडा येईल म्हणून वाट बघत बसतो, काही मॉडेलवर चक्क १० सेकंद. गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत एसटीडी कोड एकच, ०८३२, आणि पुढे ७ आकडे, म्हणजे एकूण ११. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाईल लावताना आधी शून्य लागतो, म्हणजे तेही ११. म्हणून शून्याने सुरू होणारा (पुढे दुसरा शून्य नसलेला) नंबर ११ आकडे झाले की लगेच पाठव, असा नियम टाका, बहुतेक त्रास तिथेच संपतो. ०० चे परदेशी नंबर कमीजास्त लांबीचे, १८०० चेही कधी १० कधी ११, त्यांना वाट बघण्याचा टायमर ४ सेकंद ठेवा नि लोकांना शेवटी हॅश (#) दाबायला सांगा.

शून्याशिवायचे नंबर जरा नाजूक. २ ने सुरू होणारे ७ आकडी लोकल लगेच पाठवले तरी चालतं, पण ६ ने सुरू होणारे लँडलाइनही आहेत आणि मोबाईलही, तिथे सातव्या आकड्याला कॉल सोडलात तर मोबाईल नंबर अर्धाच जातो. तिथे टायमरच हवा, आणि १० आकडे आले तर आधी शून्य गेटवेनेच लावावा.

बाहेरच्या लाइनसाठी शून्य ठेवणं मात्र नकोच, कारण गेटवे पहिला शून्य कापतो आणि मोबाईलचाच शून्य जातो.

एफएक्सओ पोर्टवर (टेलिफोन कंपनीची लाइन लागते त्या पोर्टवर) डायल टोन येईपर्यंत थांबायचं सेटिंग चालू करा, नाहीतर पहिले एकदोन आकडे गिळले जातात आणि राँग नंबर लागतो. डिस्कनेक्ट टोनही (समोरच्याने फोन ठेवल्यावर येणारा आवाज) भारताचा टाका, ४०० हर्ट्झ, ०.७५ सेकंद चालू, ०.७५ बंद, नाहीतर समोरच्याने ठेवला तरी लाइन अडकून राहते आणि पुढचा कॉल बिझी. बँकेच्या मेनूत "१ दाबा" चालत नसेल तर डीटीएमएफ (बटण दाबल्यावर जाणारा सूर) पाठवायची पद्धत सेटिंगमध्ये आरएफसी २८३३ वर आणा.

पावसात लाइट गेली की राउटर, गेटवे दोन्ही बंद, म्हणून दोन्ही यूपीएसवर घ्या आणि रिसेप्शनला एक चार्ज केलेला मोबाईल ठेवा.