हिरड्यांतले जंतू देशोदेशी वेगळे, मग पुण्यात बसून आपण काय तपासायचं?

परवा आत्याला घेऊन सदाशिव पेठेतल्या दातांच्या डॉक्टरकडे गेलो होतो, ब्रश करताना रक्त येतंय म्हणून. आत्या ६३ वर्षांची, आयुष्यभर मिश्री लावलेली. बाकावर बसल्या बसल्या मला म्हणते, "अरे, ती जंतूंची टेस्ट करून घेऊया का? व्हॉट्सॲपवर आलंय, प्रत्येक देशातले जंतू वेगळे असतात म्हणे." आणि गंमत म्हणजे या वेळी मेसेज बऱ्यापैकी खरा होता!

पायोरियाचे नेहमीचे तीन आरोपी म्हणजे पोर्फिरोमोनास जिंजिवॅलिस, टॅनेरेला फोर्सिथिया आणि ट्रेपोनेमा डेंटिकोला, १९९८ पासून यांना लाल गट म्हणतात आणि हे तिघे जगात सगळीकडे सापडतात. फरक असतो तो कुठे कुठला प्रकार जास्त यात. सगळ्यात नावाजलेलं उदाहरण मोरोक्कोचं आहे. ॲग्रिगॅटिबॅक्टर नावाच्या जंतूचा जेपी२ म्हणून एक वाण उत्तर आणि पश्चिम आफ्रिकेतल्या लोकांमध्ये जास्त दिसतो, त्याच्या जनुकातला ५३० अक्षरांचा तुकडा गळालाय आणि त्यामुळे आपल्या पांढऱ्या पेशी मारणारं विष तो भरमसाठ बनवतो. मोरोक्कोतल्या शाळकरी मुलांवरचा अभ्यास २००८ मध्ये आला, ज्यांच्या तोंडात जेपी२ होता त्यांना हिरड्यांचा आजार व्हायचा धोका साधारण १८ पट निघाला.

पण म्हणून टेस्टला पळू नका. श्रीलंकेत चहाच्या मळ्यातल्या ४८० कामगारांना १९७० पासून १५ वर्षं तपासत राहिले, ब्रश नाही, डेंटिस्ट नाही, सगळ्यांच्या दातांवर कीट. तरी ८ टक्के लोकांचं झपाट्याने बिघडलं, ८१ टक्क्यांचं मध्यम गतीने, आणि ११ टक्क्यांचं हिरड्यांच्या सुजेपलीकडे गेलंच नाही. तेच मळे, तेच काम, तरी एवढा फरक! म्हणजे जंतू कुठला याच्याइतकंच तुमचं शरीर त्याला कसं तोंड देतं हे पण बघावं लागतं, आणि तंबाखू आणि शुगर तिथेच घात करतात.

तर करायचं काय. डॉक्टरला म्हणायचं, "पॉकेटची मापं घ्या आणि मला लिहून द्या." पॉकेट म्हणजे दात आणि हिरडीच्या मधली खोल फट. बारीक खुणांची एक सळई असते, प्रोब, ती दात आणि हिरडीच्या मधे हळूच घालतात, एकेका दाताला सहा ठिकाणी. आत्याच्या वेळी डॉक्टर आकडे सांगत होते आणि असिस्टंट लिहून घेत होती, "तीन, दोन, तीन... पाच, सहा, पाच", आणि पाच ऐकल्यावर आत्याने माझा हातच धरला. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, चार आणि वर म्हणजे लक्ष द्यायला हवं. सोबत एक्सरेमध्ये हाड किती उतरलंय ते विचारायचं. हा कागद जपून ठेवा, खरी टेस्ट हीच.

मग शुगर. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी रक्ताची तपासणी, सातच्या वर असेल तर हिरड्या पटकन बिघडतात, म्हणून दातांच्या आणि शुगरच्या, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचे रिपोर्ट दाखवा. आणि मिश्री, गुटखा, सिगरेट जे काय असेल ते लपवू नका, सिगरेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं म्हणून त्यांना वाटतं सगळं मस्त चाललंय, आत मात्र हाड जात असतं.

स्केलिंगने, म्हणजे दातांवरचं किटण खरवडून काढल्याने, दात हलतात हे आमच्या घरात अजून कोणी ना कोणी म्हणतंच. अहो, हलणारा दात आधीच हललेला असतो, किटणाने धरून ठेवलेला असतो इतकंच, आणि सूज उतरली की फटी दिसतात त्या पण आधीपासूनच्याच! घरी मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरून दोन मिनिटं, आणि फटीत इंटरडेंटल ब्रश, रोज रात्री. पहिले काही दिवस रक्त येईल, घाबरून थांबू नका.

हां, जंतूंचा विचार खरंच करायचा असेल तर एका बाबतीत करा. घरातल्या पंधरा-वीस वर्षांच्या पोराचे पुढचे दात किंवा पहिली दाढ हलायला लागली, आणि कीट तर फारसं नाही, तर लगेच हिरड्यांच्या स्पेशालिस्टकडे न्या आणि त्याच्या भावंडांनाही दाखवा, हा प्रकार घराण्यात चालतो. तिथे कुठला जंतू आहे हे विचारण्यात अर्थ आहे.

आत्याला तीन महिन्यांनी परत बोलावलंय, कारण साफ केलेल्या पॉकेटमध्ये जंतू पुन्हा मुक्काम करायला बघतात. तोवर मिश्रीची डबी माझ्याकडे. रोज संध्याकाळी फोन येतो, "जपून ठेवली आहेस ना?"