मुक्तिवाचक शब्दांची कुळे कशी शोधावीत

मुक्ती, मोक्ष, सुटका, उद्धार, स्वातंत्र्य हे शब्द आपण ढोबळमानाने एकाच अर्थाचे धरतो. परंतु त्यांची कुळे निरनिराळी आहेत. ती शोधण्याची बडोद्यातील मराठी माणसाला मोठी सोय आहे, कारण घरात मराठी आणि बाजारात गुजराती अशा दोन सख्ख्या भाषा त्याच्या कानांवर रोज पडतात.

प्रथम शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला की झिजून आला, हे ठरवावे. ‘मुक्ती’ व ‘मोक्ष’ हे तत्सम शब्द असून दोहोंच्या मुळाशी ‘मुच्’, म्हणजे सोडणे, हा धातू आहे. ‘मोकळा’ही त्याच धातूचा, पण प्राकृतातील ‘मोक्कल’ या रूपातून आलेला. गुजरातीत तोच ‘मोकळुं’. ‘स्वातंत्र्य’ फोडावे लागते: ‘स्व’ आणि ‘तंत्र’, म्हणजे स्वतःच्या व्यवस्थेने चालणे.

‘सुटका’ या शब्दापाशी मात्र थांबावे. आपण ‘सुटणे’ म्हणतो, गुजराती शेजारी ‘छूटवुं’. एवढ्या एका साम्यावर नाते जोडू नये. त्याच वळणाच्या आणखी जोड्या जमवाव्यात. गुजराती ‘छाल’ ती मराठी ‘साल’, ‘छरी’ ती ‘सुरी’. तिकडच्या ‘छ’ला इकडे ‘स’ असे पुन्हा पुन्हा आढळले, की ‘सुटका’ आणि ‘छुटकारो’ एका कुळातील आहेत असे निर्धास्तपणे म्हणता येते. नुसत्या कानाला सारखे वाटले म्हणून व्युत्पत्ती ठोकून देण्याची सवय फार घातक आहे, आणि ती मोडण्यास हाच उपाय उत्तम.

यानंतर अर्थाचा प्रवास पाहावा. ‘उद्धार’ म्हणजे मुळात वर काढणे. संस्कृतातच त्याला ‘ऋण’ हाही अर्थ आला आणि त्यातून वाण्याकडची ‘उधारी’ निघाली. अरबी मुळाचे शब्द तर याहून विलक्षण आहेत. ‘खलास’चा मूळ अर्थ सुटका, आपल्याकडे तो ‘संपला’ या अर्थावर स्थिरावला. त्याच्याच धातूतून शुद्ध, निर्भेळ या अर्थाने ‘खालसा’ आला, आणि ज्या जमिनीत जहागीरदाराचा वाटा नाही ती ‘खालसा’ म्हटली जाऊ लागल्यामुळे वतन खालसा होणे म्हणजे ते सरकारजमा होणे असा अर्थ रूढ झाला.

पडताळ्यासाठी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती आणि कृ. पां. कुलकर्णी यांचा व्युत्पत्तिकोश जवळ ठेवावा. राज्यकारभारातील शब्दांसाठी १९३१ साली बडोद्यातून निघालेला ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ अवश्य चाळावा. त्यात एकाच संज्ञेचे मराठी, गुजराती, संस्कृत आणि फारसी पर्याय शेजारीशेजारी सापडतात.