केकताडाचा वाख काढताना या चुका टाळा

पोळा जवळ आला की दोर वळायला वाख, म्हणजे पानातले धागे, हवा म्हणून हौशी मंडळींना केकताड आठवतं. कुणी त्याला घायपात म्हणतं. मूळचं मेक्सिकोकडचं, पण आता माळावर, बांधावर, रुळाच्या कडेला आपसूक वाढतं. फुकट आहे म्हणून लोक कोयता घेऊन सुटतात आणि दरवर्षी त्याच चुका करतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पानं तोडून ठेवणं. माझ्याकडे शिकायला आलेल्या दोघा भावांनी भर उन्हाळ्यात गुरुवारी दीडशे पानं तोडली आणि रविवारी सवडीनं खरवडू म्हणून ढीग लावला. नको म्हणालो, ऐकलं नाही. रविवारी पानं सुरकुतली होती, गर वाखाला चिकटून वाळला होता. खरवडलं की वाख तुटायचा. त्यातूनही त्यांनी दावं वळलं, ते वासरानं पहिल्याच हिसड्याला तोडलं. दीडशे पानं वाया गेली, याचं मला अजून वाईट वाटतं. हिरव्या पानाच्या वजनात वाख शंभराला तीन-चार भागच निघतो, म्हणून लोकांना ढीग लावायचा मोह होतो. मी सकाळी वीसच पानं तोडतो आणि दिवस मावळायच्या आत खरवडून, धुऊन, दोरीवर वाळत टाकतो.

दुसरी चूक उघड्या हातांनी खरवडणं. रसात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. कोपरापर्यंत पुरळ उठतं, आग होते, डोळ्यात थेंब गेला तर दवाखाना गाठावा लागतो. मी पूर्ण बाह्यांचा जुना सदरा घालतो, हाताला खोबरेल चोळतो. रबरी हातमोजे असतील तर उत्तमच. टोकाचा काटा आधी छाटा.

पानं ठेचून ओढ्यात किंवा विहिरीत कुजत घालू नका. त्या रसानं मासे मरतात आणि पाणी जनावरं तोंडाला लावत नाहीत. भिजवायचीच तर वेगळ्या पिंपात भिजवा.

मधला कोंब तोडू नका, खालची पानंच घ्या.

काठाला दात आणि टोकाला टणक काळा काटा असलेलं पान कोरफड समजून तोंडाला चोळू नका. मोडून पाहा, आत धागे दिसतील.

उंच दांडा आला की ते झाड एकदाच फुलून मरतं, तेव्हा पानं त्याआधीच घ्या. केकताडाच्या सिसल जातीच्या दांड्यावर बारकी रोपं धरतात. ती माळावर झटकू नका, गवताची जागा अडवतात. मी ती गोळा करून कुंपणाच्या रेघेतच लावतो.