हिशेबाच्या टेबलावर काम शिकताना या चुका टाळा

वाणिज्य शाखेची पदवी घेऊन लेखा विभागात रुजू झालेली मुले-मुली वर्षभरातच तक्रार करू लागतात की रोज तीच बिले आणि तीच व्हाउचरे, त्यात शिकायचे काय? माझे मत असे आहे की या व्यवसायातले बहुतेक कसब त्याच बिलांत दडलेले असते आणि आपण काम केवळ उरकत गेल्यामुळे ते हाती लागत नाही.

सर्वांत नुकसान करणारी चूक म्हणजे फरकाचे कारण न शोधता तो मिटवणे. बँकेच्या जुळवणीत, म्हणजे आपल्या वहीतल्या आणि बँकेच्या नोंदी ताडून पाहताना, १८० रुपयांचा फरक आला की ‘बँक चार्जेस’ या नावाने नोंद टाकून मोकळे होण्याचा मोह होतो. तसे करू नये. १८० ला ९ ने पूर्ण भाग जातो, म्हणजे एखाद्या रकमेतले आकडे उलटसुलट पडले असण्याची शक्यता असते. ५,६४० च्या जागी ५,४६० टाइप झाले की नेमका एवढाच फरक पडतो. तसे काही न आढळल्यास ९० रुपयांची नोंद शोधावी, कारण जमा रक्कम चुकून खर्ची पडली की फरक तिच्या दुप्पट येतो. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नावे (डेबिट) आणि जमा (क्रेडिट) बाजू समान असल्याशिवाय सर्वसाधारण व्हाउचर स्वीकारलेच जात नाही. त्यामुळे तेरीज (सर्व खात्यांच्या शिल्लकींची यादी) जुळली एवढ्यावर समाधान मानणे धोक्याचे आहे, कारण चुकीच्या खात्यात गेलेली रक्कमही तेरजेत निमूटपणे जुळून बसते.

दुसरी चूक तारखा पाठ करून त्यांच्यामागचा संबंध न समजून घेण्याची. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या पुरवठादाराने ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ (विक्रीचे जीएसटी विवरणपत्र) भरले नाही, तर १४ तारखेला तयार होणाऱ्या आपल्या जीएसटीआर-२बी (खरेदीवरील कराच्या क्रेडिटचे पत्रक) मध्ये त्याचे बिल दिसत नाही आणि २० तारखेच्या जीएसटीआर-३बी (कर भरण्याचे विवरणपत्र) मध्ये त्या कराचे क्रेडिट, म्हणजे देय करातून वजावट, घेता येत नाही. ही साखळी ज्याला उमगली आहे, तो ९ तारखेलाच पुरवठादाराला फोन करतो.

मागच्या महिन्याची नोंद पाहून टीडीएसचा (पैसे देतानाच कापायच्या आयकराचा) दर तसाच लावणे ही सवयही सोडावी. कंत्राटदार व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असल्यास कपात १ टक्का, भागीदारी संस्था किंवा कंपनी असल्यास २ टक्के असते, आणि पॅनचे चौथे अक्षर पाहिले की हे लगेच कळते: व्यक्तीसाठी पी, कुटुंबासाठी एच, भागीदारीसाठी एफ, कंपनीसाठी सी. एकट्याचा व्यवसाय भागीदारीत गेला की पॅन बदलते, आणि जुन्या लेजरवर (खात्यावर) विसंबणारा नेमका तिथे फसतो.

वरिष्ठांना विचारण्यात कमीपणा नाही. फक्त आपण काय तपासून पाहिले, ते आधी सांगावे. सापडलेली प्रत्येक चूक तारीख, रक्कम आणि कारण यांसह एका वहीत लिहीत जावी, कारण मार्चअखेरच्या धावपळीत पहिल्यांदा तीच वही उघडावी लागते.