विद्यापीठाच्या प्रेसचा कवितासंग्रह पहिल्या आवृत्तीचा हाय का, कसं बघायचं

रद्दीवाल्याकडं कवितेचं पुस्तक म्हणजे बारीक, वजनाला काहीच नाही, त्यामुळं तो फारसा बघत नाही आणि आपलं फावतं. पण घ्यायच्या आधी दोन मिनिटं काढा.

टायटल पेज उलटा. मागच्या बाजूला कॉपीराईटच्या खाली आकड्यांची ओळ असते, १० ९ ८ अशी १ पर्यंत. त्यातला सगळ्यात लहान आकडा म्हणजे कितवं मुद्रण ते. दुसऱ्यांदा छापताना १ काढून टाकतात, म्हणजे २ उरतो. ऑक्सफर्डवाले हीच ओळ १ ३ ५ ७ ९ १० ८ ६ ४ २ अशी लावतात, तिथं १ गेला की डावीकडं ३ दिसतो आणि माणूस तिसरं मुद्रण समजून ठेवून देतो, तर शेवटचा २ पण बघा. शिकागोवाले आकड्यांच्या आधी सालंही टाकतात, तिथं घोळ करू नका.

साठ-सत्तरच्या पुस्तकात बहुतेक ही ओळ नसतेच. मग 'रीप्रिंटेड' असं कुठं बारीक अक्षरात हाय का ते शोधायचं. कवी ए. के. रामानुजन आपल्या बेळगावात काही काळ इंग्रजी शिकवायला होते बघा, त्यांचा 'द स्ट्रायडर्स' ऑक्सफर्डनं १९६६ ला काढला, असलं काही हाताला लागलं तर नुसतं कॉपीराईटचं साल बघून उड्या मारू नका, ते दहाव्या मुद्रणातही तेच राहतंय.

मी यात फसलोय. १९६८ चं म्हणून एका दुकानदाराकडनं चारशे रुपये मोजून घेतलो, घरी येऊन चहा पिताना बघतो तर प्रेसच्या पत्त्यात सहा आकडी पिन कोड! पिन कोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला. घरात अजून चेष्टा करतात. तसंच लंडनच्या पुस्तकावर किंमत शिलिंगात असेल तर ते १९७१ च्या आधीचं धरा, फेब्रुवारी १९७१ ला तिकडं पैसे दशमान झाले. जुन्या सालाच्या पुस्तकावर बारकोड दिसला तर सरळ खाली ठेवा.

आता आपल्या बाजूचं. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठानं छापलेले वचनांचे, म्हणजे बसवण्णांसारख्या शरणांच्या कन्नड पदांचे, संग्रह निपाणी, खानापूरकडच्या जुन्या घरातनं पण निघतात. त्यात 'मोदल मुद्रण' किंवा 'प्रथम मुद्रण' म्हणजे पहिलं, 'मरुमुद्रण' दिसलं की पुन्हा छापलेलं. साल कन्नड आकड्यात असलं आणि वाचता येत नसलं तर शेजारी कुणालाही दाखवा, आपल्याकडं त्याला काय तोटा नाही. मराठी पुस्तकात मात्र आवृत्ती आणि मुद्रण वेगळं, मजकूर बदलून काढलं की नवी आवृत्ती, तेच परत छापलं की नवं मुद्रण, 'दुसरी आवृत्ती, पहिले मुद्रण' असं लिहिलेलं असलं की लोक पहिल्या शब्दाकडं न बघता 'पहिले' वाचून खूश होतात.

पेपरबॅक म्हणून टाकू नका. विद्यापीठाच्या प्रेस पुष्कळदा कापडी बांधणी आणि पेपरबॅक एकदमच काढतात, दोन्ही पहिलीच. लायब्ररीचा शिक्का असला तर भाव पडतो, पण वाचायला घेणाऱ्याला काय फरक पडतोय. जॅकेटचा, म्हणजे वरच्या सुट्या कागदी वेष्टणाचा, आतला कोपरा कापलेला असला तर तिथं छापलेली किंमत गेली, म्हणजे एक पुरावा गेला.

आणि पान उलटून १ दिसला तरी तोंडावर काही दाखवू नका, समोरचा लगेच भाव वाढवतो.