अपघातातील दुखापतीचा दावा किती रकमेचा? आकडा स्वतः मांडून पाहा

अपघातात पाय मोडून माणूस घरी पडला की भेटायला येणाऱ्यांपैकी कुणीतरी एक आकडा टाकून जातोच. 'आमच्याकडे एकाला वीस लाख मिळाले.' त्या एकाचे वय काय, कमाई किती, कायमचे अधूपण किती राहिले आणि चूक कुणाची होती, हे त्या वाक्यात नसते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण (वकिलांच्या बोलीत एमएसीटी) मात्र रक्कम ठरवते ती मुख्यतः याच चार गोष्टींवरून. हिशोबाची रीत सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनी बरीचशी पक्की केली आहे. त्यामुळे कागद-पेन घेऊन बसलात तर बऱ्यापैकी जवळचा अंदाज घरीच निघतो.

पहिली पायरी: दावा कोणत्या वाटेचा, ते ठरवा

समोरच्या गाडीची चूक आहे आणि ती गाडी सापडली आहे, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली पूर्ण भरपाई मागता येते. पुढचा सगळा हिशोब याच वाटेचा आहे. चूक कुणाची हे सिद्ध करण्याच्या भानगडीत पडायचे नसेल, तर कलम १६४ खाली गंभीर दुखापतीला ठरलेले अडीच लाख रुपये मिळतात, मृत्यूला पाच लाख. गाडी ठोकून पळाली आणि सापडलीच नाही, तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेनुसार गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यूला दोन लाख. त्याचा अर्ज न्यायाधिकरणाकडे नाही, तहसीलदार किंवा प्रांताकडे जातो.

स्वतःच्याच चुकीने गाडी घसरली असेल तर थर्ड पार्टी विम्यातून काही निघत नाही. पॉलिसीत मालक-चालकाचे १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण घेतलेले आहे का, ते पाहा. पण ते मृत्यू, अवयव किंवा डोळा गमावणे आणि कायमचे पूर्ण अपंगत्व यांसाठी असते. नुसते हाड मोडले तर त्यातूनही काही येत नाही.

दुसरी पायरी: बिले तारखेने लावा

रुग्णालयाचे अंतिम बिल, औषधांच्या पावत्या, एक्स-रे, फिजिओथेरपी, ॲम्ब्युलन्स, तपासणीला जाण्या-येण्याचा रिक्षाखर्च, सगळे तारखेच्या क्रमाने एका फायलीत लावा. प्रत्येक औषधाच्या पावतीमागे डॉक्टरांची चिठ्ठी हवी. चिठ्ठीविना आलेल्या पावत्या विमा कंपनीचा वकील एकेक करून बाजूला काढतो. थर्मल कागदावरची छपाई वर्षभरात उडते आणि दावा त्याहून जास्त चालतो. म्हणून मूळ पावतीची झेरॉक्स त्याच दिवशी काढा.

मेडिक्लेमने बिल भरले असेल तर ते दाव्यात धरायचे का, यावर वर्षानुवर्षे वाद होता. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने सांगितले, की मेडिक्लेमची रक्कम अपघाताच्या भरपाईतून वजा करायची नाही. हप्ता तुम्ही भरला होता, त्याचा फायदा अपघात करणाऱ्याच्या विमा कंपनीला का, असा त्यामागचा विचार.

पुढचा खर्चही आत्ताच मांडा. पायात रॉड किंवा प्लेट असेल तर ती काढायच्या शस्त्रक्रियेचा अंदाजे खर्च डॉक्टरांच्या लेटरहेडवर लिहून घ्या. बहुतेक जण हे विसरतात.

तिसरी पायरी: कमाई सिद्ध करा

सगळ्यात जास्त पैसा इथे हातचा जातो. पगारदाराला सोपे आहे: पगारपत्रके, फॉर्म १६, आणि गरज पडली तर कंपनीच्या माणसाची साक्ष. एकूण पगारातून फक्त प्राप्तिकर वजा होतो. भविष्य निर्वाह निधीची किंवा कर्जाच्या हप्त्याची कपात वजा होत नाही, हे पगाराच्या स्लिपवरचा 'हातात आलेला' आकडा लिहिणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

रोख व्यवहारात काम करणाऱ्यांची पंचाईत होते. अपघाताआधीची प्राप्तिकर विवरणपत्रे असतील तर उत्तम. अपघातानंतर घाईने भरलेल्या विवरणपत्राकडे संशयाने पाहिले जाते. ती नसतील तर बँकेचे पासबुक, यूपीआयचे जमाखाते, उद्यम नोंदणी, माल घेतल्याची बिले आणि नेहमीच्या दोन-तीन ग्राहकांची साक्ष. यातले काहीच नसेल तर न्यायाधिकरण अंदाजे उत्पन्न धरते. ते बहुधा किमान वेतनाच्या आसपास घुटमळते, तुम्ही खरे कितीही कमावत असा.

चौथी पायरी: अपंगत्वाची टक्केवारी नीट वाचा

दाखल्यावर '४५ टक्के' लिहिले आहे म्हणून कमाईही ४५ टक्क्यांनी घटली, असे होत नाही. ती टक्केवारी बहुतेक वेळा त्या एका पायाची असते, संपूर्ण शरीराची नव्हे. आणि न्यायाधिकरणाला हवी असते तिसरीच गोष्ट: या माणसाची, या धंद्यातली कमाईची ताकद किती घटली. २०११ च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात हे फार सोप्या उदाहरणाने सांगितले आहे. डावा हात गेला तर शारीरिक अपंगत्व साधारण ६० टक्के. पण तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर कमाईचे नुकसान जवळजवळ शंभर टक्के. सरकारी कचेरीतला कारकून असेल तर नोकरी टिकलेली असू शकते, आणि मग नुकसान बरेच कमी.

म्हणून दाखल्याबरोबर कामाचे वर्णन द्या. दिवसातून किती वेळा उकिडवे बसावे लागते, शिडी चढावी लागते का, किती किलो उचलावे लागते. आणि नुसता दाखला जोडून भागत नाही. समोरच्याने तो मान्य केला नाही, तर तो देणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला बोलवावे लागते. ज्यांनी उपचार केले तेच डॉक्टर असतील तर साक्षीचे वजन वाढते. कुठूनतरी आणलेला 'रेडीमेड' दाखला उलटतपासणीत टिकत नाही. उपचार चालू असताना घेतलेला दाखलाही कच्चा. हाड जुळून सुधारणा थांबली की मगच घ्या.

पाचवी पायरी: गुणाकार करा

अपघाताच्या दिवशीचे वय पाहून गुणक ठरतो. २००९ च्या सरला वर्मा निकालातले कोष्टक असे:

१५ ते २५ वर्षे: १८
२६ ते ३०: १७
३१ ते ३५: १६
३६ ते ४०: १५
४१ ते ४५: १४
४६ ते ५०: १३
५१ ते ५५: ११
५६ ते ६०: ९
६१ ते ६५: ७
६५ च्या पुढे: ५

वयाच्या पुराव्याला शाळा सोडल्याचा दाखला शोधून ठेवा. आधार कार्ड हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अशाच एका दाव्यात म्हटले. तिथे दोन कागदांवरच्या दोन तारखांमुळे गुणक १३ की १४ हा वाद होता.

कमाईत भावी वाढही धरायची असते. २०१७ च्या प्रणय सेठी निकालानुसार स्वतःचा धंदा किंवा ठरावीक पगार असणाऱ्यांना चाळिशीच्या आत ४० टक्के, ४० ते ५० मध्ये २५ टक्के, ५० ते ६० मध्ये १० टक्के. कायम नोकरीवाल्यांना अनुक्रमे ५०, ३० आणि १५ टक्के. तो निकाल मृत्यूच्या दाव्यातला होता. जखमींनाही ही वाढ मिळते हे २०२० च्या पप्पू देव यादव निकालाने स्पष्ट केले. मृत्यूच्या दाव्यात मृताचा वैयक्तिक खर्च म्हणून जो हिस्सा कापतात, तो जखमीच्या दाव्यात कापायचा नाही. माणूस जिवंत आहे, त्याचा खर्च चालूच आहे.

आता एक हिशोब करू. ३४ वर्षांचा प्लंबर, स्वतःची कामे घेणारा, महिन्याला १८,००० रुपये. मोटरसायकलला कारने धडक दिली, उजव्या पायाची नळी मोडली, रॉड बसवला. दाखल्यावर पायाचे अपंगत्व ४५ टक्के. उकिडवे बसता येत नाही, शिडी चढता येत नाही, म्हणून कमाईचे नुकसान २५ टक्के धरले.

१८,००० गुणिले १२ म्हणजे २,१६,०००. त्यात ४० टक्के वाढ मिळवली की ३,०२,४००. गुणक १६, म्हणजे ४८,३८,४००. त्याचे २५ टक्के: १२,०९,६०० रुपये.

दाखल्यावरचे ४५ टक्के जसेच्या तसे धरले असते तर हाच आकडा २१,७७,२८० दिसला असता, आणि नातेवाईक तोच धरून बसतात. उलट कामाचे वर्णन दिलेच नाही आणि न्यायाधिकरणाने १५ टक्के धरले, तर ७,२५,७६०. आता कमाईचा कागद नाही म्हणून १८,००० ऐवजी १२,००० धरले, तर २५ टक्क्यांनीही फक्त ८,०६,४०० होतात. एका पासबुकाची किंमत चार लाखांच्या वर.

सहावी पायरी: बाकीचे आकडे मिळवा

याच प्लंबरची बिले २,८५,०००. रॉड काढण्याचा खर्च ६०,०००. सहा महिने काम बंद, म्हणजे १,०८,००० (इथे भावी वाढ धरायची नाही). सोबतीला तीन महिने माणूस, रोज ४०० प्रमाणे ३६,०००. बायकोनेच केले असले तरी हे मागता येते. आहार आणि प्रवास ३५,०००. वेदना आणि त्रासाबद्दल १,००,०००, आणि आयुष्यातले हिंडणे-फिरणे गेल्याबद्दल ७५,०००. या शेवटच्या दोन रकमांना सूत्र नाही. हाडे किती, शस्त्रक्रिया किती, रुग्णालयात किती दिवस, यावरून न्यायाधीश ठरवतात, त्यामुळे अंदाज करताना इथे हात आखडता ठेवा. एकूण १९,०८,६००.

पगारदाराने आजारपणात साठलेली रजा वापरली असेल तर पगार बुडाला नाही म्हणून गप्प बसू नये. खर्ची पडलेली रजाही नुकसानच आहे.

सातवी पायरी: वजावट प्रामाणिकपणे करा

अपघातात तुमचाही दोष होता असे ठरले तर तेवढे टक्के कापले जातात. प्लंबरवर २० टक्के दोष आला तर ३,८१,७२० जाऊन १५,२६,८८० उरतील. मात्र दोषाचा अपघाताशी किंवा दुखापतीशी संबंध हवा. हेल्मेट नव्हते हा मुद्दा डोक्याला मार लागला तर येतो, पाय मोडला तर त्याचा काय संबंध? लायसन्स नसणे किंवा ट्रिपल सीट बसणे, एवढ्यावरून दोष आपोआप चिकटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे.

दाव्याला खरा धक्का बसतो तो पहिल्या रात्रीच्या केसपेपरने. अपघात विभागातले डॉक्टर विचारतात, 'काय झालं?' घाबरलेला मेहुणा सांगतो, 'गाडीवरून पडला.' तेच शब्द केसपेपरवर चढतात. समोरच्या कारचा उल्लेखच नाही. दोन वर्षांनी विमा कंपनीचा वकील तो कागद पुढे करून म्हणतो, धडक झालीच नाही, हा स्वतःच घसरला. म्हणून दाखल करतानाच 'अमुक रस्त्यावर कारने धडक दिली' असे सांगून लिहून घ्यावे. दारूचा वास येत असल्याची नोंद असेल तर तीही दोषाच्या टक्केवारीत डोकावते. केसपेपर, एफआयआर, घटनास्थळ पंचनामा आणि पुढे दोषारोपपत्र यांच्या नकला मिळवून चारही एकमेकांशी जुळतात का ते ओळ न ओळ पाहा. पंचनाम्यातल्या नकाशात तुमची गाडी रस्त्याच्या कोणत्या बाजूला दाखवली आहे, यावर टक्के फिरतात.

आठवी पायरी: मुदत, व्याज आणि तडजोड

दुरुस्त कायद्यानुसार १ एप्रिल २०२२ नंतरच्या अपघातांचा अर्ज सहा महिन्यांत करायचा आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण त्या भरवशावर कुणी बसू नये. अर्ज अपघात झाला तिथे किंवा तुम्ही राहता तिथे करता येतो. साताऱ्याच्या माणसाला नागपूर रस्त्यावरच्या अपघातासाठी विदर्भात खेपा घालायची गरज नाही. अर्जात रक्कम कमी मागितली म्हणून न्यायाधिकरणाचे हात बांधले जात नाहीत. योग्य वाटल्यास ते मागणीपेक्षा जास्तही देऊ शकते.

व्याज बहुधा अर्जाच्या तारखेपासून मिळते, साधारण ६ ते ९ टक्के. १५,२६,८८० वर ७ टक्क्यांनी तीन वर्षांचे सरळव्याज ३,२०,६४५ रुपये होते. लोकअदालतीत विमा कंपनी 'व्याजासकट एकरकमी' आकडा ठेवते, तेव्हा त्यातले हे व्याज आधी वजा करून मूळ रक्कम किती उरते ते काढा आणि ती स्वतःच्या हिशोबाशी ताडून पाहा. लवकर पैसे मिळण्यासाठी थोडे सोडणे वावगे नाही. उसनवारी करून उपचार केलेल्या घराला तीन वर्षे थांबणे परवडत नाही. मात्र लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. रॉड अजून पायात असेल आणि तो काढायचा खर्च त्या आकड्यात धरलेला नसेल, तर सही करण्याआधी तेवढी रक्कम वाढवून घ्या. नंतरची शस्त्रक्रिया तुमच्या खिशातून होईल.