अ‍ॅस्टेरिक्सचे अल्बम क्रमाने कसे लावावेत
रत्नागिरीच्या दमट हवेत पुस्तकांना बुरशी लवकर धरते, म्हणून आगोटीपूर्वी अ‍ॅस्टेरिक्स या फ्रेंच चित्रकथामालिकेचे अल्बम, म्हणजे तिची पुस्तके, सावलीत वाऱ्यावर पसरावेत आणि त्याच वेळी त्यांचा क्रमही लावून घ्यावा. इंग्रजी भाषांतरे मूळ क्रमाने निघाली नव्हती. तेव्हा आतल्या पानावरील फ्रेंच प्रकाशनवर्ष पाहावे.

१९५९ साली ‘पिलोत’ साप्ताहिकात सुरू झालेल्या या मालिकेचा पहिला कप्पा लेखक गोसिनी व चित्रकार उदेर्झो यांचा, आणि माझ्या मते तोच सर्वांत सकस. त्यातील गॉलच्या (प्राचीन फ्रान्सच्या) प्रदक्षिणेची कथा सावकाश वाचावी, कारण लुटेशियातील (प्राचीन पॅरिसमधील) दुकानाबाहेर बसलेले एक पिटुकले कुत्रे तिथून अ‍ॅस्टेरिक्स व त्याचा मित्र ओबेलिक्स या नायकांच्या मागे मुकाट चालत राहते आणि ओबेलिक्सचे लक्ष मात्र शेवटी जाते.

गोसिनी १९७७ मध्ये वारले. पुढचा कप्पा एकट्या उदेर्झोंचा, तर २०१३ पासूनचा नव्या लेखक-चित्रकारांचा.